पाय वाकडा नाही, बूट अरुंद आहे



आज हरभऱ्यातल्या घाटेअळीवर लिहायचं होतं. ते पुढच्या वेळी. परवा तुरीच्या रानातून येताना कापलेल्या तुरीचा खुंट रबरी स्लिपरातून आरपार घुसला आणि तळव्यात गेला. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय, पाय उशीवर ठेवून बसलोय. म्हणून आज पायावरच लिहितो. काहींना राग येईल, येऊ द्या.

स्लिपर का घातली होती, तर बूट होत नाही म्हणून. माझा पाय पुढून फावड्यासारखा रुंद. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय, करंगळीवर कुरूप, आणि सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत सुई टोचल्यासारखं होतं. दहा-वीस पावलं चाललं की कमी होतं, मग दुपारी पुन्हा. दिवाळीनंतर तालुक्याच्या दुकानात गेलो. आठ नंबर लांबीला बरोबर, पण बोटं चिमट्यात धरल्यासारखी. नऊ घेतला तर पुढून जरा बरा, पण टाच आत लपक-लपक करते. पोरगा दुकानदार म्हणाला, "काका, वापरून सैल होईल. आणि तुमचा पायच वाकडा आहे, त्याला कंपनी काय करणार?"

मी म्हणालो, "टायर रिमला बसलं नाही तर तू रिमला शिव्या देतो का?" तो हसला. मी बूट न घेताच आलो.

पण मंडळी, खरं सांगा, आपण सगळे त्या पोराचंच म्हणणं मान्य करून बसलोय. "आपले पायच तसले." कसले तसले? लहानपणापासून चिखलात, ढेकळात अनवाणी चाललेल्या पायाची बोटं पसरतात, पंजा रुंद होतो. पायाने जमीन धरायची तर तो असाच व्हायला पाहिजे. दोष पायाचा नाही, ज्या साच्यावर बूट शिवला त्या साच्याचा आहे.

हा नंबर आला कुठून तेही ऐका. आपल्याकडे चालतो तो इंग्रजांच्या मापाचा नंबर. त्यात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर. आणि हे माप मूळ धरलंय जवाच्या दाण्यावर! दाणा शेतकऱ्याचा, माप साहेबाचं, आणि बूट मात्र शेतकऱ्याला बसत नाही. शिवाय तो नंबर फक्त लांबी सांगतो. रुंदीचं काय? बाहेरच्या देशात काही कंपन्या एकाच नंबरात दोन-तीन रुंदीचे बूट ठेवतात. आपल्या तालुक्यात रुंदी विचारली तर दुकानदार तोंडाकडे बघतो.

आणि हे मी एकटाच बोलत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 मध्ये देशभरात 79 ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. निघालं काय, तर भारतीय माणसाचा पाय युरोप-अमेरिकेच्या माणसापेक्षा रुंद असतो आणि आपण चुकीच्या मापाचे बूट घालतो. त्यावरून 'भा' नावाची भारताची स्वतःची मापं सुचवली. 2024 मध्ये पेपरात बातमी वाचली तेव्हा मी खूश झालो होतो. आमच्या बाजारात अजून तोच सात, आठ, नऊ.

कृषी सहायक साहेब आणि विज्ञान केंद्रातल्या सरांना माझा एक प्रश्न आहे. माझ्या मातीचा नत्र, स्फुरद, पालाश तुम्ही काढून दिला. पानावरचे ठिपके फोटोवरून ओळखून दिले, त्याबद्दल आभार. पण ज्या पायावर ही सगळी शेती उभी आहे त्याबद्दल एखाद्या शिबिरात एक अक्षर ऐकलं नाही. फवारणीच्या पोस्टरवर गमबूट घातलेला माणूस असतो. तो गमबूट माझ्या पायाला होतो का, हे कुणी विचारलं? बूट घाला म्हणणं सोपं. न होणारा बूट माणूस दोन दिवस घालतो आणि तिसऱ्या दिवशी गोठ्यात फेकतो. मग लिहितात, शेतकरी सुरक्षा साधनं वापरत नाही.

रात्रीची लाईट असली की पाणी द्यायला अंधारात स्लिपर घालून जातो आपण. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 माणसं मरतात असा अभ्यास आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यातली. घोणस डोक्याला चावत नाही, पायाला चावते. घोट्याच्या वर येणारा जाड बूट पायात असला तर निम्मी भीती जाते. साप चावून शेतकरी मेला तर सरकारची अपघात योजना घरच्यांना दोन लाख देते. चांगलं आहे, द्यावेच. पण दोन लाख मेल्यावर, आणि जिवंतपणी पायाला बसेल असा बूट नाही, हा कुठला हिशोब?

दुसरे ते काळ्या आईवाले. "मातीला अनवाणी पाय लागले पाहिजेत" म्हणत व्हिडिओ काढतात, कोरड्या मऊ रानात. त्यांनी मार्चमध्ये कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या रानात किंवा ज्वारीच्या धसकटात यावं. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला शेतकरी चालत गेले, साधारण 180 किलोमीटर. सोललेल्या तळव्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले, हळहळले. मुंबईकरांनी खाणं दिलं, पाणी दिलं, चपला दिल्या. ती माणुसकी खरी. पण तसले भेगाळलेले तळवे आठवड्यात होत नाहीत, त्याला पन्नास वर्षं लागतात. पुढच्या आठवड्यात ते कुणी विचारले नाहीत.

होणार नाही असं काही नाही बरं का. जयपूर फूट बघा. 1960 च्या दशकाच्या शेवटी पंडित रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी रबराचा पाय बनवला. विचार काय केला? आपला माणूस उकिडवा बसतो, अनवाणी चालतो, चिखलात उतरतो. म्हणजे पाय तुटलेल्याच्या नकली पायासाठी शेताचा विचार झाला, आणि धड पायाच्या बुटासाठी अजून होत नाही!

आता कुणी म्हणेल, काळ्या जमिनीत पावसाळ्यात बूट चालत नाही. बरोबर. दोन-दोन किलो चिखल चिकटतो, गमबूट रुतून बसतो, पाय बाहेर आणि बूट आत. तिथे मीही अनवाणीच. पण आठ महिने रान कोरडं असतं, त्याचं बोला.

शुगरवाल्यांसाठी मुद्दाम लिहितो. माझ्या चुलत भावाला स्लिपरच्या पट्ट्याने जखम झाली, पण पाय बधिर, त्याला कळलीच नाही. वास यायला लागल्यावर वहिनींनी पाहिलं. दोन बोटं काढावी लागली. अशा पायाला मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला मिळतात, डॉक्टरांना एमसीआर म्हणून विचारा. रोज रात्री तळवे बघा, स्वतःला दिसत नसतील तर नातवाला दाखवा. आणि बूट घालण्याआधी हात घालून, उलटा आपटून बघा. खडाही निघेल, विंचूही.

बूट घ्यायचाच असेल तर मी शिकलो ते सांगतो, चार जोड वाया घालवून. संध्याकाळी जा, तेव्हा पाय सुजून मोठा झालेला असतो. घरून कागदावर उभं राहून दोन्ही पायांची पेन्सिलने रेघ मारून न्या, बसून नाही. एक पाय थोडा मोठा असतोच, माप त्याचं धरा. बुटातला सुटा सोल बाहेर काढा आणि त्यावर उभे राहा. पंजा बाहेर सांडला तर तो बूट तुमचा नाही, दुकानदार काहीही म्हणो. पुढे अंगठाभर जागा पाहिजे. बूट हातात वाकवून बघा, बोटांपाशी वाकला पाहिजे, मधोमध मोडला तर टाच दुखणार. नाडीवाला घ्या, सैल-घट्ट करता येतो.

रेघ मारायची ही पद्धत जुनीच. आमच्या आज्याचा पाय गावातले चर्मकार बाबा असाच मापून घ्यायचे आणि जोडा त्या पायाचाच व्हायचा. बलुतं म्हणून त्यांच्या पदरात सुपभर धान्य टाकायचो आणि वर जातीवरून बोलायचो. ती माणसं कामातून उठली, आता रुंद बूट शोधत फिरतोय आपण. भोगा.

हे सगळं घरी वाचून दाखवत होतो. घरची म्हणाली, "तुमच्या पायाचं झालं. माझ्या पायाचं माप कधी घेतलंत?" खुरपणीला, वेचणीला माझ्यापेक्षा जास्त तास तीच उभी. पायात माझी जुनी स्लिपर, पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली. बायकांच्या बुटाचा साचा तर आणखी निमुळता. मला उत्तर आलं नाही. पोराच्या वहीचं पान फाडलं, तिला त्यावर उभं केलं आणि रेघ मारली. पंजा चार बोटं नि वर थोडा, माझ्याएवढाच रुंद.

रविवारी बाजार आहे. कागद खिशात घेऊन जातोय. रुंद साच्यावर बूट शिवून देणारा कारागीर कुणाला माहीत असेल तर तालुक्यासकट कळवा. घाटेअळीचं पुढच्या वेळी.