पिन दे, पिन घे!

आमच्या ऑफिसात गळ्यातल्या पट्ट्यावरून माणसाची कुंडली मांडता येते. पट्टा कोरा करकरीत, म्हणजे नवीन जॉइनी. पट्टा मळका आणि कार्ड कायम उलटं, म्हणजे नोटीस पिरियड. आणि पट्ट्यावर छातीपासून पोटापर्यंत चिमुकल्या धातूच्या पिना लखलखत असतील, तर तो आमचा फ्लोरिडा. खरं नाव सांगत नाही, बिचाऱ्याचं लग्न ठरायचंय.

फ्लोरिडा दोन वर्षं ऑनसाइट होता, ऑरलँडोला. लोक परत येताना चॉकलेटं आणतात, परफ्यूम आणतात, गेला बाजार ॲक्सेंट तरी आणतात. याने आणल्या पिना. मिकी, गूफी, सिंड्रेलाचा बूट... प्रत्येक जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी. पहिल्या दिवशी आम्ही त्याला जाम पिडलं. 'काय रे, मॉनिटर केलं का बाईंनी?' दुसऱ्या दिवशी टेस्टिंगच्या सगळ्या पोरी त्याच्या डेस्कभोवती. तिसऱ्या दिवशी मी ऑनलाइन पिना शोधत होतो!

ज्यांना हा फंडा माहीत नाही त्यांच्यासाठी. डिस्नेच्या पार्कात १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये पिनांची अदलाबदल सुरू झाली, नव्या सहस्रकाच्या सेलिब्रेशनचा भाग म्हणून. आयडिया उसनी होती, ऑलिंपिकवरून घेतलेली. १८९६ ला अथेन्सला खेळाडू आणि पंच ओळखू यावेत म्हणून पुठ्ठ्याचे बिल्ले होते. त्यांच्या पुढे धातूच्या पिना झाल्या, खेळाडू त्या एकमेकांना द्यायला लागले, मग प्रेक्षकही त्यात घुसले. १९८८ ला कॅलगरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तर कोका-कोलाने पिना बदलण्यासाठी खास केंद्रच उघडलं होतं. आणि २०२४ च्या पॅरिसमध्ये सिमोन बाईल्सची पिन मिळवायला भले भले खेळाडू धडपडत होते. म्हणजे गळ्यात मेडल असूनही पिन हवीच!

डिस्नेने त्यात आपले कर्मचारी उतरवले. पाळण्याचं बटण दाबणाऱ्याच्या, दुकानातल्या मुलीच्या गळ्यात पिनांचा पट्टा. त्यावरची पिन आवडली तर पाहुण्याने आपली एक द्यायची आणि ती घ्यायची. पैशाचं नाव काढायचं नाही. पाहुण्याची पिन अस्सल असेल तर कर्मचाऱ्याने नाही म्हणायचं नाही. पाहुण्या-पाहुण्यांत मात्र कुणीही खुशाल नाही म्हणावं, त्यात रुसायचं काही नाही.

फ्लोरिडाने आम्हाला या खेळाचे मॅनर्स शिकवले, तेही कॅन्टीनमध्ये, मिसळ खाता खाता. दुसऱ्याच्या पट्ट्याला हात लावायचा नाही. पिन आवडली तर 'जरा बघू का?' असं तोंडाने विचारायचं, ज्याची आहे तो काढून दाखवेल. (ज्या ऑफिसात पट्टे बायका-पुरुष सगळ्यांच्या गळ्यात असतात, तिथे हा नियम भिंतीवर लावायला हरकत नाही.) पिन देताना मागचं रबरी टोपण लावूनच द्यायची, टोक दुसऱ्याच्या हातात खुपसायचं नाही. एका वेळी एकच. एकाच माणसाला दिवसभर पिडायचं नाही. तो तिथे होता तेव्हा एका कर्मचाऱ्याकडून दिवसाला दोनच पिना घेता यायच्या. जी पिन कधीच द्यायची नसेल ती गळ्यात मिरवू नये, बॅगेत ठेवावी. आणि काही कर्मचाऱ्यांचे पट्टे हिरवे असतात, ते फक्त लहान मुलांसाठी.

'ते का?' मी विचारलं.

'मोठी माणसं पोरांना गंडवतात म्हणून,' फ्लोरिडा म्हणाला आणि त्याने पाव मागवला.

आम्ही सगळे हसलो. कारण आम्ही सगळे त्यातूनच वर आलेलो. शाळेत डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं कुणी गोळा केली नाहीत? रँक, उंची, वजन, छाती! वेफर्सच्या पाकिटातले टाझो कुणी बदलले नाहीत? आमच्या गल्लीत एक दादा होता, तो लहान पोरांना सांगायचा, 'तुझं एक घे आणि बदल्यात माझी तीन घे.' तीन म्हटलं की पोरगं पाघळायचं. तिन्ही फालतू असायची. त्या दादाचा मला भयंकर राग होता. पुढे मी सहावीत गेलो आणि तेच करायला लागलो.

पाच-सहा महिन्यांत आमच्या टीमचे पट्टे जड झाले. कुणी डिस्नेच्या, कुणी क्रिकेटच्या, कुणी कंपनीने पाच वर्षांची सर्व्हिस झाली म्हणून दिलेली. लोहगड २०२५ ला युनेस्कोच्या यादीत गेल्यावर एकाने स्वतःच किल्ल्याची पिन बनवून घेतली आणि तिचा भाव वधारला. मी मात्र शॉर्टकट मारला. पन्नास पिनांचं पाकीट, एक पिन साधारण कटिंगच्या भावात. घरी आल्यावर फ्लोरिडाने शिकवलेली परीक्षा घेतली. अस्सल डिस्ने पिनेच्या मागे बहुतेकदा मिकीच्या डोक्यांची बारीक नक्षी असते आणि ती पार कडेपर्यंत जाते. माझ्या पिनांना कडेने चौकट होती. वजन हलकं, रंग जागोजागी कमी भरलेला, एका प्लूटोचा डोळा नाकावर. पन्नासच्या पन्नास ड्युप्लिकेट! मी काय केलं? त्यातल्या बऱ्या दिसणाऱ्या आठ पट्ट्याला लावल्या. लोणावळ्यात चिक्कीचं प्रत्येक दुकान ओरिजिनल असतं, कुणी कधी आत जाऊन तपासतं का?

आणि जुलैत टीम आउटिंग निघालं ते लोणावळ्यालाच. शनिवारी बंगला, रविवारी घाट उतरून खोपोलीजवळचं इमॅजिका, संध्याकाळी परत पुणे. बसमध्ये अंताक्षरी, कामशेतच्या पुढे पाऊस, कार्ल्याचा फाटा आला तसा आमच्यातला एक हिस्टरीवाला सुरू झाला. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर ते खांब कुणी दान दिले त्यांची नावं कोरलेली आहेत, त्यात धेनुकाकटचे यवनही आहेत, या घाटातून दोन हजार वर्षं माल वर-खाली होतोय वगैरे. त्याला आम्ही भजी देऊन गप्प केलं. बंगल्यावर पत्ते, कणीस आणि परत भजी. शनिवारबद्दल एवढंच.

आमच्या टीम लीडने आपल्या मुलीला आणलं होतं. वय वर्षं आठ, पुढचे दोन दात नाहीत. आईचा जुना पट्टा गळ्यात, दोन वेळा गाठ मारून आखूड केलेला, त्यावर पाच पिना. फ्लोरिडाने तिला आल्या आल्या एक टिंकरबेल दिली, बदल्यात तिची शाळेची स्काऊट-गाइडवाली पिन घेतली आणि ती खरोखर पट्ट्यावर लावली. मला वाटलं, काय येडा आहे.

रविवारी आम्ही गोल्ड रश एक्सप्रेसच्या रांगेत. रांग हलत नव्हती, सगळ्यांचे रेनकोट एकमेकांना चिकटलेले. छोटी माझ्या पट्ट्याकडे टक लावून बघत होती. माझ्याकडे एक मोठी पिन होती, अर्ध्या तळहाताएवढी, चकचकीत किल्ला, वर फटाके. पन्नासातली सगळ्यात भडक.

'काका, ही बघू?'

काका! मी एकतीस वर्षांचा आहे. पण विचारलं तिने अगदी रीतसर, हात मागे बांधून. मी काढून दाखवली. तिच्या पट्ट्यावर निळ्या रंगावर पांढरी तिरकी फुली असलेली एक छोटी पिन होती. स्कॉटलंडचा झेंडा. रंग मुरलेला, जुनी, वजनदार. अस्सल माल माझ्या लगेच लक्षात आला.

'ती देशील?'

तिने आईकडे बघितलं. आई पुढे कुणाशी तरी बोलत होती. 'ही छोटी आहे,' छोटी म्हणाली. 'तुमची मोठी आहे. चालेल तुम्हाला?'

म्हणजे मी फसेन याची तिला काळजी! मी म्हटलं, 'चालेल की.' तिने टोपण लावून पिन दिली, टोक स्वतःकडे ठेवून. मी माझी दिली. मग रांग हलली, गाडी सुटली, आम्ही सगळे किंचाळलो.

परतीला घाटात धुकं होतं. अर्धी बस झोपलेली, छोटी मागच्या सीटवर आडवी. लीड माझ्या शेजारी येऊन बसली, तिचं लक्ष माझ्या पट्ट्याकडे गेलं.

'अरे, ही तुझ्याकडे आली का?' ती हसून म्हणाली. 'दिलीन तिने? बरं झालं, मला वाटलं रांगेत पडली कुठे.'

मग तिने सांगितलं. १२ ते १८ ऑक्टोबर २००८ ला पुण्यात राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, बालेवाडीला. जिगर नावाचा वाघ त्यांचा मॅस्कॉट होता, आठवत असेल. ही तेव्हा कॉलेजात, व्हॉलंटियर म्हणून लागलेली. खेळाडू एकमेकांत पिना बदलताहेत आणि ही नुसती बघतेय. स्कॉटलंडच्या एका मुलीने आपली पिन पुढे केली. बदल्यात द्यायला हिच्याकडे काही नाही. पर्स चाचपली तर टिकल्यांचं पाकीट. तेच दिलं. त्या मुलीने तिथल्या तिथे एक टिकली कपाळाला लावली आणि दिवसभर तशीच मैदानभर फिरली.

'पोरीला ही गोष्ट शंभरदा सांगितलीय मी,' लीड म्हणाली. 'पण देऊन टाकलीन तर टाकलीन. पट्ट्यावरची पिन तिची. तुझी ती किल्ल्याची भारी आहे हां, झोपेतही मुठीत धरलीय.'

मी खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, ते जमलं नाही. बस तळेगावला थांबली, लीडने छोटीला खांद्यावर टाकलं, सगळ्यांना बाय केलं.

सोमवारी फ्लोरिडाला विचारलं, झालेली अदलाबदल उलटवता येते का? 'नाही. हातात दिली की संपलं, म्हणून तर आधी नीट बघून घ्यायचं.' मग त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि म्हणाला, 'पण ड्युप्लिकेट दिली असेल तर ती अदलाबदल झालेलीच नाही.' त्याला कसं कळलं देव जाणे. माझ्या पट्ट्यावरचा प्लूटो त्याने आधीच बघितला असणार.

पुढच्या रविवारी सकाळची लोणावळा लोकल पकडली. शिवाजीनगर ते तळेगाव, डब्यात दूधवाल्यांचे रिकामे कॅन आणि लोहगडला निघालेली, मळवलीला उतरायच्या तयारीतली पोरं. माझ्या बॅगेत ती निळी पिन आणि फ्लोरिडाकडून मोजून विकत घेतलेल्या चार अस्सल. पैसे घेताना तो म्हणाला, 'नियमात बसत नाही, पण तुझी केस मेडिकल आहे.'

लीडने दार उघडलं, चहा टाकला. मी तिला किचनमध्येच सगळं सांगितलं. ती साखर घालायची थांबली. 'माहीत होतं तुला? देताना?'

'हो.'

'मग मला काय सांगतोस? तिला सांग.' आणि तिने माझ्या कपात साखर घातलीच नाही.

छोटी बाल्कनीत होती. गळ्यात पट्टा, किल्ला मधोमध. एका आठवड्यात फटाक्यांचा निम्मा रंग उडालेला, खालून राखाडी पत्रा दिसत होता. मी जमिनीवर बसलो आणि म्हटलं, ही पिन खोटी आहे, मला माहीत होतं, तरी मी तुला दिली.

तिने किल्ला काढून उलटा केला, सुलटा केला. 'मला वाटलं मी नखाने काढला रंग,' ती म्हणाली. 'मी आईला सांगितलंच नाही.'

आठवडाभर ही पोरगी स्वतःला दोषी धरून बसली होती. मी घाईघाईने निळी पिन पुढे केली, शिवाय चारही पिना ओळीने मांडल्या, सगळ्या तुझ्या म्हटलं. तिने निळी तेवढी उचलली. बाकीच्यांकडे बराच वेळ बघितलं, एका सिम्बावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

'फुकट नाही घ्यायचं,' ती म्हणाली. 'बदल्यात काहीतरी द्यायचं असतं. काका, तुम्हाला रूल्स माहीत नाहीत का?'

मग तिने किल्ल्याला टोपण लावलं, टोक स्वतःकडे ठेवून माझ्या हातात दिला आणि पट्ट्यावर निळी पिन पुन्हा लावायला आईकडे पळाली. सिम्बावर आमचं अजून ठरायचंय. ती म्हणते तिच्याकडे तेवढ्या तोलाची पिन आली की ती सांगेल.

पाकिटातल्या बाकीच्या एकोणपन्नास मी पत्र्याच्या डब्यात भरून माळ्यावर टाकल्यात. किल्ला तेवढा पट्ट्यावर आहे. कार्डाच्या अगदी वर, अर्धा राखाडी. परवा एका नव्या ट्रेनीने लिफ्टमध्ये हात मागे घेऊन विचारलं, 'सर, ही बघू का?' काढून दाखवली. त्याने मागची बाजू बघितली, कडेची चौकट बघितली आणि अतिशय सभ्यपणे परत केली.