पडद्यासमोरचीं माणसें

गेल्या दिवाळींत आमच्या नांदेडच्या घरीं सारें कुटुंब जमलें होतें. दादा, वहिनी, आम्ही उभयतां, मुलें, सुना व नातवंडें मिळून सतरा पानें रोज मांडलीं जात. भाऊबीजेच्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर कोणता चित्रपट पाहावा याविषयीं नेहमींचा वाद झाला. अशा वादाचा निकाल हल्लीं युक्तिवादानें लागत नाहीं. ज्याच्या हातीं रिमोट, त्याचें खरें. तो त्या रात्रीं दादांच्या धाकट्या चिरंजीवांच्या, म्हणजे पुण्याहून आलेल्या माझ्या पुतण्याच्या हातीं होता. त्यानें 'अलीगढ' लावला. "काका, यांत मराठीचे प्राध्यापक आहेत," एवढेंच तो मला म्हणाला.

मराठीचे प्राध्यापक म्हटल्याबरोबर दादा चष्मा पुसून सरसावून बसले. ज्या गांवानें नरहर कुरुंदकरांचीं व्याख्यानें ऐकलीं, त्या गांवांत या शब्दाला अजून वजन आहे.

हा चित्रपट ज्यांच्या पाहण्यांत आला नसेल त्यांच्यासाठीं मूळ हकीकत सांगतों, कारण ती कल्पित नाहीं. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे नागपूरकडचे. १९८८ सालीं ते अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठांत गेले, तेथें बावीस वर्षें मराठी शिकवीत राहिले आणि आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख झाले. 'पायाखालची हिरवळ' या त्यांच्या कवितासंग्रहास महाराष्ट्र साहित्य परिषदेचें पारितोषिक मिळालें होतें. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्रीं कांहीं माणसें कॅमेरा घेऊन त्यांच्या राहत्या घरांत शिरलीं. आंत त्यांच्यासमवेत एक सायकलरिक्षावाला होता. दोघांचें चित्रण झालें आणि विद्यापीठानें लागलीच प्राध्यापकांस निलंबित केलें. दिल्ली उच्च न्यायालयानें २ जुलै २००९ रोजीं दिलेला निर्णय तेव्हां अंमलांत होता. म्हणजे दोन सज्ञान पुरुषांनीं स्वेच्छेनें केलेलें तें कृत्य त्या दिवसांत गुन्हाहि नव्हतें. अलाहाबाद उच्च न्यायालयानें १ एप्रिल रोजीं निलंबनास स्थगिती दिली. आणि ७ एप्रिल रोजीं सिरस आपल्या भाड्याच्या जागेंत मृतावस्थेंत सांपडले. निवृत्तीस थोडेच महिने उरले होते. पुढें तपास झाला, परंतु कोणावरहि कांहीं शाबीत झालें नाहीं.

हंसल मेहता यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २६ फेब्रुवारी २०१६ रोजीं प्रदर्शित झाला. त्याच्या नुसत्या जाहिरातीच्या तुकड्यालाहि परीक्षण मंडळानें प्रौढांपुरतें प्रमाणपत्र दिल्यामुळें बराच गवगवा झाला होता, आणि खुद्द अलीगढ शहरांत चित्रपटाला विरोध झाला. मनोज बाजपेयी यांनीं सिरसांची भूमिका केली आहे. ते मराठी बोलतात तें कांहीं ठिकाणीं खटकतें. पण त्या माणसाचें बावरणें, मान खालीं घालून चोरट्यासारखें हंसणें, याला तोड नाहीं.

आतां आमच्या माजघराची हकीकत. विषय काय आहे हें कळतांच थोरल्या सूनबाईंनीं लहान मुलांना वर झोपावयास पाठविलें. दादांनीं दोनदां घसा खांकरला. माझा एक भाचेजांवई हंसूं लागला. ज्याला काय बोलावें तें सुचत नाहीं, त्याचें तें हंसूं होतें. दादा उठले, पाणी प्यायले, आणि आतां झोपावयास जातील असें वाटत असतांना पुन्हां येऊन बसले. कारण पडद्यावर सिरस एकटेच बसून लताबाईंचें जुनें गाणें ऐकत होते. हातांत पेला, डोळे मिटलेले, आणि गाण्याबरोबर हळूहळू हलणारा हात. तें दृश्य बरेंच लांबतें. आमच्या घरांत गाणें चालूं असतांना कोणी बोलत नाहीं. त्या दृश्याच्या वेळींहि कोणी बोललें नाहीं.

पुढें तें कॅमेऱ्याचें प्रकरण आलें. वहिनींनीं विणकाम खालीं ठेवलें. मला वाटलें, आतां या 'बंद करा तें' म्हणणार. त्या म्हणाल्या, "अहो, पण दुसऱ्याच्या घरांत न विचारतां शिरायचं म्हणजे काय? आणि त्याला जेवायला वाढणारं कोणीच नाहीं का हो?"

पंचाहत्तरीच्या बाईनें मोठमोठ्या वकिलांना बाजूस सारून थेट मूळ मुद्द्यावर बोट ठेवलें, असें मला वाटलें. मीं कौतुकानें पुतण्याकडे पाहिलें. तो पडद्याकडे पाहातच नव्हता. दाराच्या चौकटीला टेकून तो अशा जागीं बसला होता कीं, तेथून आम्हां सर्वांचीं तोंडें दिसावींत. तो आमच्याकडे पाहात होता.

त्यानंतर पंधरा दिवसांनीं एका साखरपुड्यासाठीं लातूरला जाण्याचा योग आला. लोहा, अहमदपूर, चाकूर हा रस्ता चाळीस वर्षांत किती वेळां केला असेल याची गणती नाहीं. समारंभाच्या दुसऱ्या दिवशीं एका जुन्या स्नेह्याच्या घरीं आम्ही सात निवृत्त शिक्षक जमलों. चित्रपट पाहणाऱ्यांकडे पाहण्याची खोड मला आतां लागली होती. तेव्हां मींच आग्रह करून तेथेंहि 'अलीगढ' लावावयास सांगितला.

शिक्षकांची जात मोठी चिकित्सक. न्यायालयांत युक्तिवाद चालला असतां सिरस आपल्या कवितांचें भाषांतर करीत बसतात, हें पाहून एक गृहस्थ म्हणाले, "माणूस अस्सल मास्तर आहे." दुसरे म्हणाले, "मास्तर असेल, पण मास्तरानें आदर्श असावें." तिसऱ्यांचें म्हणणें असें कीं, हें सारें पश्चिमेकडून आलेलें खूळ आहे, आपल्या शास्त्रांत असलें कांहीं नाहीं. येथें मात्र माझ्या पाठ्यविषयालाच हात घातला गेला. शास्त्रांत आहे. मनूच्या अकराव्या अध्यायांत पुरुषानें पुरुषाशीं केलेला समागम जातिभ्रंशकर पापांत गणला आहे हें खरें. पण त्याच ओळींत कपटहि गणलें आहे, आणि कपटाबद्दल जातिबाहेर गेलेला गृहस्थ माझ्या पाहण्यांत नाहीं. त्याच अध्यायांत पुढें या कृत्याला प्रायश्चित्त सांगितलें आहे तें अंगावरच्या वस्त्रांसह स्नानाचें, आणि बैलगाडींत किंवा दिवसा केलेल्या स्त्रीसमागमालाहि तेंच. जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आली ती १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेबरोबर, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें कलम सज्ञानांच्या संमतीच्या संबंधापुरतें रद्द केलें. तेव्हां पश्चिमेकडून काय आलें, याचा हिशेब नीट मांडावा. रघुनाथराव कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकांत वाचक याविषयीं प्रश्न विचारीत, कर्वे उत्तरें देत, आणि त्याबद्दल १९३४ सालीं मुंबईस खटला झाला तेव्हां त्यांचें वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनीं घेतलें होतें. खटला हरला, पण प्रश्न मराठींतच विचारलेले होते.

यजमानांची कन्या कॅलिफोर्नियांत असते. ती तेव्हां माहेरीं आली होती. तिनें हार्वे मिल्कची गोष्ट सांगितली. हा गृहस्थ आपण समलिंगी आहों हें लपवून न ठेवतां १९७७ सालीं सॅन फ्रान्सिस्को शहराच्या प्रतिनिधिमंडळावर निवडून आला, आणि २७ नोव्हेंबर १९७८ रोजीं त्या मंडळाच्याच एका माजी सभासदानें त्याला व महापौराला गोळ्या घातल्या. त्या रात्रीं हजारों लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. त्याच्या चरित्रावर २००८ सालीं 'मिल्क' हा चित्रपट निघाला; शॉन पेन या नटाला त्याबद्दल ऑस्कर मिळालें. तो चित्रपट येण्याच्या थोडेच दिवस आधीं तेथील मतदारांनीं समलिंगी विवाहाविरुद्ध कौल दिला होता. ती म्हणाली, चित्रपटगृहांत माणसें उघड रडत होतीं. मिल्क आपल्या लोकांस सारखें बजावीत असे कीं, लपूं नका, आईबापांना सांगा, शेजाऱ्यांना सांगा. आपल्या ओळखीचा, आपल्या घरचा माणूस असा आहे हें कळलें कीं लोक बदलतात.

सिरसांना यांतलें कांहींच नको होतें. त्यांना सभा नको, मिरवणूक नको. कविता, गाणें आणि आंतून कडी लागणारी एक खोली हवी होती.

"आपल्याकडे सांगावें लागतच नाहीं," चहाचा पेला खालीं ठेवीत माझे स्नेही म्हणाले. "सगळ्यांना ठाऊक असतें."

यावर खोलींत एकदम शांतता पसरली, आणि ती कशामुळें हें आम्हां सातांपैकीं चौघांना कळलें. १९८९ सालीं आम्ही चौघे एकाच शाळेंत होतों. ती कोणती हें सांगत नाहीं. तेथें मराठीचे एक शिक्षक होते. वय पस्तिशीचें, अविवाहित, अक्षर मोत्यासारखें. त्यांच्याविषयीं कुजबूज सुरू झाली. कोणत्याहि विद्यार्थ्याची किंवा पालकाची कसलीहि तक्रार नव्हती, हें मी शपथेवर सांगेन. एका तरुण दुकानदाराचें त्यांच्या खोलीवर जाणेंयेणें होतें, इतकेंच. शिक्षकांच्या खोलींत एक अर्ज फिरला. त्यांत विषयाचा उल्लेखहि नव्हता. 'शाळेच्या लौकिकास बाधक वर्तन' असे शब्द होते. ते शब्द माझे. संस्कृतच्या शिक्षकाला असल्या कामीं नेहमीं पाचारण होतें. खालीं अकरा सह्या झाल्या, आणि सुट्टीनंतर ते शाळेंत आले नाहींत. त्यांच्या फळ्यावरचा सुविचार दोन दिवस कोणी पुसला नव्हता, हें मात्र आठवतें.

आमच्या हातीं कॅमेरा नव्हता, एवढाच फरक. "ते पुढें कोठें गेले?" असें एकानें विचारलें. कोणालाच ठाऊक नव्हतें. पस्तीस वर्षांत हा प्रश्न आम्ही प्रथमच विचारीत होतों.

नांदेडला परत आल्यावर मीं हें सारें वहिनींना सांगितलें. त्या भाजी निवडीत होत्या. बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही त्या दिवशीं पुण्याला फोन करणार होतां ना, त्या स्थळाविषयीं? इतक्यांत करूं नका. आधीं मी त्याच्याशीं बोलेन म्हणतें."

त्या काय बोलल्या हें मीं विचारलें नाहीं, आणि कोणी सांगितलें नाहीं. हा लेख छापावयास पाठविण्यापूर्वीं मात्र मीं पुतण्याला फोनवर सबंध वाचून दाखविला. मध्येंच थांबवून त्यानें दोन वाक्यें गाळावयास सांगितलीं. तीं मीं गाळलीं. बाकीचें राहूं द्या म्हणाला. मग त्यानें विचारलें, "काका, त्या तुमच्या मराठीच्या सरांचं नांव काय होतं?"

मीं त्याला नांव सांगितलें. तो शोधतो आहे.