गोव्याच्या अलीकडे उतरा

डिसेंबर उजाडला की फलकावर सहलीची नोटीस लागते आणि वर्गावर्गांतून एकच घोष उठतो, "यंदा गोवाच!" गोव्याशी माझे भांडण नाही, भांडण आहे ते आपण गोवा पाहतो त्या रीतीशी. रात्रभर बसमध्ये भेंड्या, मग जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या चर्चमध्ये जेमतेम अर्धा तास, मग समुद्र, मग काजूची खरेदी. परतल्यावर अहवालातले वाक्य ठरलेले असते : 'पाश्चात्त्य संस्कृतीचे दर्शन घडले.' कुठे घडले? चर्चच्या पायऱ्यांवर काढलेल्या छायाचित्रांत?

तेवढ्या दर्शनाला औरंगपुऱ्यातला भाजीवाला पुरे. बटाटा, कोबी, अननस ही नावे पोर्तुगिजांकडून आलेली. बेकरीतला पाव, खोलीची चावी, गवंड्याचे घमेले आणि आपली गुरुजनमंडळी ज्याची महिनाभर वाट पाहतात तो पगार, हे शब्दही त्याच गलबतांतून उतरले! पश्चिम आपल्याकडे पाहुणी नाही. ती केव्हाच घरात येऊन बसली आहे. तिला पाहायचे तर घरासारख्या गावांत जायला हवे. म्हणून म्हणतो, बस गोव्याच्या अलीकडेच थांबवा.

पहिला थांबा नाशिकला. पंचवटीत गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर प्रचंड घंटा आहे. ती मूळची चर्चची. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. आपल्यातले कितीतरी जण त्या देवळावरून रामकुंडाकडे गेले असतील. घंटा कुठून आली, हे किती जणांनी विचारले? तेथून वसई. किल्ल्यात चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत, पण वसई म्हणजे केवळ पडक्या भिंती नव्हेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वसईचे. २०२० साली आपल्या मराठवाड्यात, उस्मानाबादेस (आजचे धाराशिव) मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी तेच होते. ते अध्यक्ष कसे, म्हणून तेव्हा काहींनी नाके मुरडली. वसईच्या गल्ल्यांतून एक दिवस जो हिंडला आहे, त्याला हा प्रश्नच पडणार नाही.

खरा मुक्काम मात्र रायगड जिल्ह्यात, रेवदंडा आणि कोर्लई येथे करावा. रेवदंड्याला पोर्तुगीज तटाच्या आतच गाव नांदते आहे. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जुन्या चर्चचा उंच मनोरा डोकावतो. कुंडलिकेची खाडी ओलांडली की कोर्लईचा डोंगर. ज्या निजामशाहीच्या मलिक अंबराने १६१० मध्ये आपले खडकी वसवले, त्याच निजामशाहीकडून पोर्तुगिजांनी १५९४ मध्ये हा डोंगर हिसकावला. तेव्हा हा इतिहास 'कोकणातला' म्हणून बाजूला सारण्याची सोय आपल्याला नाही.

१७४० मध्ये चौल-कोर्लई मराठ्यांकडे आली आणि पोर्तुगीज गेले. भाषा मात्र गेली नाही. डोंगराच्या पायथ्याची ख्रिस्ती वस्ती आजही घरात पोर्तुगीजपासून झालेली एक बोली बोलते. तिला ते 'नौ लिंग', म्हणजे 'आपली भाषा' म्हणतात. गंमत अशी की शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी! शेजाऱ्यांशी मराठी, शाळेत मराठी, त्यामुळे मराठीची वळणे तिच्यात मुरली. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अभ्यासकाने तिच्यावर १९९६ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला. आपण भाषाविज्ञानाच्या पेपरात 'भाषासंपर्क' या प्रश्नाचे उत्तर गाईडातून पाठ करतो, आणि तो संपर्क बसने जाता येईल अशा गावात रोज बोलला जातो. बोलणारे हजाराच्या आसपास. मुले शिकून मुंबईला गेली, तिकडेच स्थायिक झाली, की ही बोली किती टिकेल?

"पारतंत्र्याच्या खुणा कशाला मिरवायच्या?" असे एक प्राध्यापक म्हणाले. आक्षेप पोकळ नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले आणि त्याने घरेदारे उद्ध्वस्त केली. ते विसरा असे कोण म्हणेल? पण त्याच गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ मध्ये छापले गेले, आणि आपण ते मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अभिमानाने शिकतो. पुस्तक आपले म्हणायचे आणि माणसे परकी मानायची, हा हिशेब मला पटत नाही. कोर्लईचा शेतकरी पोर्तुगीज नव्हे. तो इथलाच आहे. जाताना पोर्तुगीज आपली भाषा त्याच्या ओठांवर ठेवून गेले, इतकेच.

एक भीती मात्र मलाही वाटते. पन्नास जणांची बस त्या लहान वस्तीत शिरली आणि प्रत्येकाने मोबाइल पुढे करून "बोला ना काहीतरी!" म्हटले, तर गोव्याचे अर्धा तासाचे दर्शन परवडले. दहा-बाराच जण जावेत, आधी गावात पत्र पाठवून परवानगी घ्यावी, आणि सोबत मराठी विभागाचे एखादे सर किंवा मॅडम असाव्यात. एक रात्र रेवदंड्याला काढावी. खर्च गोव्यापेक्षा कमीच येईल. समुद्र तर तिथेही आहे!