विश्लेषण : काडतुसं महागली, मग जुनी पुंगळी किती वेळा भरायची? अमेरिकेतल्या रायफलधारकांपुढचा हा प्रश्न काय आहे?

‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ हे वाक्य आपण बातम्यांत नेहमी वाचतो. आपल्याकडे पुंगळी म्हणजे पोलिसांसाठी पुरावा. अमेरिकेत मात्र नेमबाजीच्या मैदानांवर लोक वाकून आपापल्या पुंगळ्या वेचतात आणि पिशवीत भरून घरी नेतात, कारण त्या पुन्हा भरून वापरता येतात. याला तिथे ‘हँडलोडिंग’ किंवा ‘रिलोडिंग’ म्हणतात. काडतुसांच्या किमती वाढल्या की या छंदाकडे वळणारेही वाढतात. त्यासोबत एक प्रश्न येतो : झिजलेली पुंगळी फेकायची कधी?

प्रश्न किरकोळ वाटतो. पण उत्तर चुकलं तर अपघात नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांपासून काही इंचांवर होतो.

काडतुसात पुन्हा वापरण्यासारखं काय असतं?

काडतुसाचे चार भाग असतात : पुढची गोळी, आतली दारू, बुडातला प्रायमर आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी पितळी पुंगळी. घोडा दाबला की प्रायमर पेटतो, दारू जळते, गोळी निघून जाते. मागे उरते ती पुंगळी. चारांपैकी हाच सगळ्यात महाग भागांपैकी एक. त्यामुळे ती जपली की खर्च बराच कमी होतो.

हे पितळ साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असं असतं. ते दाबाखाली फुगतं आणि दाब गेला की थोडं आक्रसतं. म्हणूनच पुंगळी क्षणभर चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटून वायू अडवते आणि नंतर सहज बाहेरही निघते. अमेरिकेतल्या ‘सामी’ या उद्योगसंस्थेच्या मानकानुसार पॉइंट ३०८ विंचेस्टर या लोकप्रिय काडतुसाचा कमाल दाब दर चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. घरच्या कुकरची शिट्टी साधारण १५ पौंडांना होते. म्हणजे कुकरच्या सुमारे चार हजार पट दाब ही पातळ पुंगळी झेलते.

मग ती झिजते कुठे?

तीन ठिकाणी, आणि तिन्हींचं कारण वेगळं आहे.

पहिलं ठिकाण म्हणजे मान, जिथे गोळी बसते. प्रत्येक बाराला मान फुगते आणि पुन्हा भरताना साच्यात दाबून तिला मूळ मापावर आणावं लागतं. फुगणं आणि दबणं असं वारंवार झालं की पितळ कडक होतं आणि एक दिवस उभी चीर पडते. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांना हे नवीन नाही. ठोकून ठोकून पत्रा कडक झाला की ते तो भट्टीत तापवून मऊ करतात. हँडलोडिंग करणारेही पुंगळीची मान आणि खांदा नेमक्या तापमानाला तापवतात. मात्र बुडाला ती उष्णता लागू द्यायची नसते. बूड मऊ झालं तर दाब अडवणार कोण?

दुसरं ठिकाण जास्त धोक्याचं आहे. बार होताना पुंगळीची पातळ भिंत चेंबरला चिकटून जागीच राहते आणि जाड बूड मागे ढकललं जातं. ताण पडतो तो या दोन्हींच्या मधल्या भागावर, बुडाच्या थोडं वर. तिथलं पितळ प्रत्येक वेळी थोडं पातळ होतं. साच्यात पुंगळीचा खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला तर हे आणखी लवकर घडतं. बाहेरून तिथे चकचकीत कडं दिसू लागतं. शेवटी पुंगळीचे दोन तुकडे होतात आणि तप्त वायू मागे, वापरणाऱ्याच्या दिशेने सुटू शकतो. अनेकदा बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून टोक वाकवलेली बारीक तार आत घालून भिंतीवरून फिरवतात. तार खाचेत अडखळली की पुंगळी बाद.

तिसरं ठिकाण म्हणजे प्रायमरचा खळगा. दाब जास्त झाला की तो सैल होतो. नवा प्रायमर हाताला सहज आत गेला तर ती पुंगळी संपली. सैल झालेलं बूड पूर्ववत करण्याचा भरवशाचा उपाय नाही.

याशिवाय पुंगळी दरवेळी थोडी लांब होते. पॉइंट ३०८ ची कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर आहे. त्यापुढे गेली तर तिचं तोंड चेंबरच्या टोकाला अडकतं, गोळी आवळली जाते आणि दाब वाढतो. हा दोष मात्र कापून दुरुस्त करता येतो.

‘इतक्या वेळा वापरा’ असा ठरलेला आकडा का नाही?

कारण तो पुंगळीपेक्षा तिच्या इतिहासावर अवलंबून असतो. भरणी किती जोरदार होती, रायफलचं चेंबर किती सैल आहे, साचा कसा लावला, या सगळ्यांचा परिणाम होतो. कुठे चार-पाच वापरांत पुंगळी बाद होते, कुठे ती कितीतरी जास्त टिकते. म्हणून जाणकार एकाच वेळी घेतलेल्या पुंगळ्या वेगळ्या डब्यात ठेवतात आणि प्रत्येक भरणीची नोंद करतात. एका डब्यातल्या एक-दोन पुंगळ्यांत तडा दिसला की उरलेल्या सगळ्यांकडे संशयाने बघायचं, हा साधा नियम.

मैदानावर सापडलेल्या परक्या पुंगळीची अडचण हीच. ती फुकट असते, पण तिची वही आपल्याकडे नसते.

या गोष्टीचा भारताशी काय संबंध?

पितळाला तडे का जातात, हे कोडं जगाला पडलं ते ब्रिटिश काळातल्या भारतात. पावसाळ्यात लष्करी हालचाली थंडावत तेव्हा काडतुसं तबेल्यांत ठेवली जात. पुढे बघावं तर न वापरलेल्या पुंगळ्यांनाही चिरा! पावसाळ्याशी जोडलेला म्हणून या प्रकाराला ‘सीझन क्रॅकिंग’, म्हणजे ऋतूचे तडे, असं नाव पडलं. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी कारण सांगितलं : घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळात राहिलेला ताण. पुंगळ्या चकचकीत करण्यासाठी अमोनिया असलेलं पॉलिश टाळतात ते यामुळेच.

आज आपल्याकडे पुंगळी घरी भरता येते का?

परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गंभीर गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. त्यामुळे अमेरिकेसारखा हा घरगुती छंद इथे नाही. आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं, त्या प्रकारातली पॉइंट २२ ची काडतुसं मुळात पुन्हा भरण्यासाठी नसतातच. त्यांचं पेटणारं मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेलं असतं आणि पिन ती कडच चेपते.

अमेरिकेत हा विषय पुन्हा पुन्हा का पेटतो?

२०२० मध्ये कोरोना आणि राजकीय अस्वस्थतेत बंदूक खरेदी उसळली. एफबीआयकडे त्या वर्षी ३ कोटी ९६ लाखांहून जास्त पार्श्वभूमी तपासण्या झाल्या. काडतुसांबरोबर प्रायमरचाही तुटवडा पडला. पुढे युक्रेन युद्धाने दारूसाठी लागणाऱ्या नायट्रोसेल्युलोजची मागणी वाढवली. त्यात तांबंही महागलं. मे २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात त्याचा भाव टनाला ११,००० डॉलरच्या वर गेला.

पुंगळी तिथे राजकारणाचा विषयही झाली आहे. मार्च २००९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने लष्कराच्या वापरलेल्या पुंगळ्या चेपूनच विकायचं ठरवलं. चेपलेली पुंगळी भंगारात जाते, भरता येत नाही. ओरड झाली, मोंटानाचे सिनेटर जॉन टेस्टर आणि मॅक्स बॉकस यांनी आक्षेप घेतला आणि निर्णय काही दिवसांत फिरला.

मोठा बदल आता पुढे आहे. अमेरिकी लष्कराने २०२२ मध्ये निवडलेल्या ६.८ मिलिमीटरच्या रायफलसाठी दर चौरस इंचाला ८०,००० पौंड दाबाचं काडतूस बनवलं गेलं. एवढा दाब निव्वळ पितळाला पेलणं कठीण, म्हणून त्याचं बूड पोलादाचं आणि वरचा भाग पितळाचा असा जोड आहे. लष्कर जसजसं या काडतुसाकडे वळेल, तसतसा जुन्या मापाच्या स्वस्त लष्करी पुंगळ्यांचा ओघ आटू शकतो. आहे तीच पुंगळी आणखी एकदा भरण्याचा मोह तेव्हा वाढेल.

मग पुंगळी टाकायची कधी?

मानेला चीर, बुडावर चकचकीत कडं, आत खाच किंवा सैल प्रायमर, यातलं एकही दिसलं की लगेच. टाकण्याआधी पक्कडीने तोंड चेपायचं, म्हणजे दुसरं कुणी ती उचलून भरणार नाही. तांब्याचा भाव चढतो तेव्हा नवी पुंगळी महाग होते हे खरं, पण भंगारातल्या पितळालाही तेव्हाच चांगला दर मिळतो. आणि बाजारात भाव कितीही चढला, तरी पातळ झालेली भिंत एका बाराचाही जास्त दाब सोसत नाही.