भरतीच्या वाटेवरचे धावपटू

कोल्हापुरात पहाटे रंकाळ्याच्या काठाने किंवा शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातून फेरफटका मारावा, तर अंधारात धावणाऱ्या मुलामुलींचे घोळके भेटतात. परगावच्या माणसाला वाटावे की, या शहराला ऑलिंपिकचे वेड लागले आहे. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेकांचे लक्ष असते सोळाशे मीटरवर. हे अंतर ऑलिंपिकमध्ये नाही. ते पोलीस आणि सैन्याच्या भरतीत आहे.

उदयोन्मुख धावपटूने लवकर व्यावसायिक व्हावे की महाविद्यालयात राहून घडावे, हा वाद अमेरिकेत जुना आहे. तेथील एरियन नाइटन हा मुलगा २०२१ मध्ये, सोळाव्या वर्षीच, बुटांच्या कंपनीशी करार करून व्यावसायिक झाला आणि त्याच वर्षी टोकियोत २०० मीटरमध्ये चौथा आला. उलट, आपला उंचउडीपटू तेजस्विन शंकर कॅन्सासच्या विद्यापीठात शिकला, तेथून अमेरिकेचा महाविद्यालयीन विजेता झाला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने कांस्यपदक आणले. (तेथील महाविद्यालयीन स्पर्धेमुळे तो आपल्या आंतरराज्य स्पर्धेला आला नाही, म्हणून त्याला संघातून वगळले होते. पदक जिंकण्याआधी बिचाऱ्याला न्यायालयात जिंकावे लागले!) आपल्याकडे बुटांचे करार नाहीत. येथे 'व्यावसायिक होणे' म्हणजे वर्दी चढवणे, रेल्वेत चिकटणे, नाहीतर गावोगावच्या रोख बक्षिसांच्या शर्यती मारत फिरणे. निवड मात्र तीच आहे, आणि ती सतराव्या-अठराव्या वर्षी करावी लागते.

या प्रश्नाचे एक उत्तर कोल्हापूरने फार पूर्वी दिले आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनला गेले आणि सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे जमेनात, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांनी कुस्तीची मैदाने भरवली आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे देणे फेडले. क्रम लक्षात घ्यावा. महाविद्यालयाने आधी गडी घडवला, त्याच्यावर पैसा लावला. इनामाची कुस्ती त्यानंतर आली.

वस्तादांची रीतही हीच होती. तालमीत आलेल्या पोराला वर्षानुवर्षे माती उकरायला लावतील, जोर-बैठका काढून घेतील, खुराकाची सोय लावून देतील. पण अंग भरल्याशिवाय मोठी जोड लावणार नाहीत. कच्चा पैलवान फडात उतरवला आणि त्याचा खांदा गेला, तर दोष पोराचा नव्हे, वस्तादाचा मानला जाई. ज्या शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधले, त्यांनीच खेड्यांतील मुलांसाठी कोल्हापुरात वसतिगृहे उभारली. शरीर आणि शिक्षण यांपैकी एकच निवडा, असे या नगरीने आपल्या मुलांना त्या काळी सांगितले नव्हते.

धावण्याच्या मैदानावर मात्र ही रीत आपण विसरलो. आज दहावी-अकरावीतला चपळ मुलगा दिसला की त्याला महिन्यात दोन-तीन शर्यती पळवल्या जातात. बक्षीस पाच हजारांचे असेल, तर त्या घराला ते मोठेच असते. त्याला कोणी नावे ठेवू नयेत. पण वाढत्या हाडांवर डांबरी रस्त्याचे आघात बसतात, नडगी दुखू लागते, आणि तो दुखण्यासह पुढची शर्यत पळतो. त्यानंतर कोणीतरी 'ताकदीचे' इंजेक्शन सुचवते. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणांत भारताचे नाव जगात अग्रभागी घेतले जाते, त्याची मुळे या उतावीळपणात आहेत, असे माझे मत आहे.

उतावीळपणाची गरज तरी काय? माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, तेव्हा ती २७ वर्षांची होती. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. स्पर्धात्मक धावणे त्याने २०१५ मध्ये, विशीत सुरू केले आणि २०२४ मध्ये तो पॅरिसच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला.

येथे वाचक मला अडवतील आणि म्हणतील, ही दोन्ही उदाहरणे नोकरीचीच झाली. ललिता रेल्वेत होती, साबळे सैन्यात. आपल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत होता. पॅरिसचे कांस्यपदक त्यानंतर नऊ वर्षांनी आले. आक्षेप मान्य. सैन्य आणि रेल्वे यांनी जे दिले ते महाविद्यालयांनी द्यायला हवे होते: दोन वेळचे पुरेसे अन्न, प्रशिक्षक आणि निकालाची घाई नसलेली काही वर्षे. शिवाय भरतीची वाटही आता पूर्वीची नाही. २०२२ पासून जवान अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी जातो. त्यांतील पाव हिश्श्यापर्यंतच पुढे कायम होतात. बाकीचे तरुण बाविशी-पंचविशीत घरी परततील, त्या वेळी हाती पदवी असणे किती मोलाचे ठरेल!

आमच्या महाविद्यालयीन दिवसांत वर्गात एक धावपटू मित्र होता. हजेरीपटावर त्याचे नाव असे, वर्गात तो नसे. आंतरविद्यापीठ स्पर्धा जवळ आली की महाविद्यालयाला त्याची आठवण होई. एके वर्षी त्याला ट्रॅकसूट मिळाला आणि स्पर्धा संपताच शिपाई तो परत मागायला आला. ही गोष्ट आम्ही हसत सांगत असू. आज तिचे हसू येत नाही, कारण धावपटूला केवळ चषकापुरते ओळखणारी महाविद्यालये अजूनही आहेत.

कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. मोठ्या महाविद्यालयांनी निवडक दहा-दहा धावपटूंचे वसतिगृह, खुराक आणि प्रशिक्षकाचा पगार तीन वर्षांसाठी उचलावा. स्पर्धेच्या काळात हुकलेल्या परीक्षा नंतर घ्याव्यात, पण घ्याव्यात. क्रीडागुणांची खिरापत वाटून पदवी देऊ नये. साखर कारखाने, दूध संघ, सहकारी बँका एका दिवसाच्या शर्यतीच्या मांडवावर खर्च करतात, त्यातला काही भाग या पोरांच्या ताटाकडे वळवता येईल. खर्डेकरांसारखे घर गहाण टाकायला आज कोणाला सांगायचे नाही.

मध्यंतरी रंकाळ्यावर अशाच एका धावणाऱ्या मुलाचे वडील भेटले. पोराने आधी पदवी घ्यावी, असे मी त्यांना सुचवले. ते म्हणाले, "साहेब, कॉलेज काय पळून चाललंय व्हय? भरती एकदा हुकली, की वय जातंय. आणि तीन वर्सं त्याच्या दुधा-अंड्याचं कोण बघणार?" मी त्यांना काय सांगणार होतो? मुलगा तोवर दुसरी फेरी पुरी करून आमच्यापाशी आला होता, आणि वडील हातातल्या घड्याळाकडे पाहत होते.