पिक्चर ट्यूबचा बागुलबुवा

‘पिक्चर ट्यूबवाला कॉम्प्युटर उघडू नका, जीव जाईल,’ असा इशारा जुन्या यंत्रांच्या शौकिनांना हमखास मिळतो. दुसरीकडे शड्डू ठोकणारेही असतात: ‘इतकी यंत्रं खोलली, काही झालं नाही.’ अ‍ॅपलच्या 1984 सालच्या मॅकिंटॉशवर आणि त्याच्या नऊ इंची पडद्याच्या प्लस, एसई, क्लासिक या भावंडांवर हे दोन्ही पक्ष तपासून पाहू.

भीतीचा पाया खोटा नाही. यंत्र चालू असताना ट्यूबच्या अ‍ॅनोडवर बारा हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो. ट्यूबच्या काचेला आतून आणि बाहेरून वाहक लेप असतो, त्यामुळे ती कपॅसिटरसारखी वागते आणि प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवते. पण भीती घालणारे व्होल्ट सांगतात, ऊर्जा सांगत नाहीत. एवढ्या लहान ट्यूबमध्ये साठते ती ज्यूलच्या काही शतांशांइतकी. हृदयविकार किंवा पेसमेकर असलेल्यांनी तिच्याही वाटेला जाऊ नये, हे खरं. इतरांना धोका असतो तो मुख्यतः झटक्याने हात मागे घेण्याचा: पत्र्याच्या धारेवर हात कापतो, नाहीतर ट्यूबची नाजूक मान मोडते, आत हवा शिरते आणि ट्यूब कायमची निकामी होते.

जिवावर बेतणारी जागा शेजारीच आहे, ती म्हणजे पॉवर सप्लाय, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. घरातले 230 व्होल्ट डीसी झाले की सुमारे 325 होतात. त्या दाबाला 100 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये पाच ज्यूल साठतात, ट्यूबच्या कितीतरी पट जास्त. यंत्र चालू ठेवून पडद्याची रुंदी किंवा उजेड जुळवताना पॉवर सप्लायच्या हीटसिंकला हात लागला, तर गाठ थेट वीजपुरवठ्याशी पडते.

आता फुशारकीवाले. काही यंत्रांत ट्यूबचा चार्ज हळूहळू उतरवणारा रेझिस्टर असतो, काहींत नसतो. असलेलाही जुना होऊन तुटतो आणि बाहेरून ते कळत नाही. एकदा डिस्चार्ज केलेल्या ट्यूबमध्ये थोडा चार्ज पुन्हा वर येतो. म्हणजे कालच्या यंत्राचा अनुभव आजच्या यंत्राची हमी देत नाही.

‘मग बंदच ठेवा’ हा सल्ला माणसाला वाचवतो, यंत्राला मारतो. काहींत लिथियमची बॅटरी फुटून बोर्ड खाते, कपॅसिटर गळून तांब्याच्या रेषा कुरतडतात. पहिल्या मॅकिंटॉशच्या मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला घडवणाऱ्यांच्या सह्या कोरलेल्या आहेत. ज्या झाकणामागे ग्राहकाने जाऊच नये अशी योजना होती, तेच आज उघडल्याशिवाय यंत्र जगत नाही.

उघडायचं तर रीत पाळा. प्लग काढा, थोडा वेळ थांबा. घड्याळ, अंगठी आणि मनगटाचा अँटीस्टॅटिक पट्टा काढून ठेवा. तो पट्टा अंगाला अर्थिंग जोडतो आणि उच्च दाबाजवळ नेमकं तेच नको असतं. लांब टॉर्क्स पान्याने मुठीखालचेही स्क्रू सोडवा आणि झाकण सरळ मागे ओढा, कारण ट्यूबची मान तिथेच आहे. जाड इन्सुलेशनच्या स्क्रूड्रायव्हरच्या पात्याला वायर बांधा. शक्यतो मेगाओहमचा रेझिस्टर मध्ये घालून तिचं दुसरं टोक ट्यूबच्या अर्थिंगला जोडा, लॉजिक बोर्डला नव्हे. एक हात पाठीमागे ठेवून पातं अ‍ॅनोडवरच्या रबरी टोपीखाली सरकवा आणि क्लिपला लावून क्षणभर धरा. ‘टिक’ ऐकू आली नाही तरी काही मिनिटांनी पुन्हा करा. मोठ्या कपॅसिटरवर मल्टीमीटर लावून खात्री करा. पहिल्यांदा करताना जुना टीव्ही मेकॅनिक शेजारी असेल तर उत्तम; निदान एकटे बसू नका.

ट्यूबला घाबरून यंत्र सडू देणं आणि तिला न जुमानता हात घालणं, दोन्ही अज्ञानाचेच प्रकार आहेत. रीत शिका आणि मगच स्क्रू सोडवा.