गिअरबॉक्स बिघडला की दोष ड्रायव्हरचा?

ऑटोमॅटिक एसयूव्ही आता आपल्याकडे फक्त श्रीमंतांची राहिलेली नाही. घरात अम्मी-अब्बा, दोन-तीन मुलं, सुट्टीत कोकणातल्या गावी जाणं, असा सगळा हिशोब करून क्रेटा किंवा सेल्टोससारखी गाडी घेतली जाते. सारखा क्लच दाबायला नको म्हणून ऑटोमॅटिकला जास्तीचे पैसेही मोजले जातात. आणि नेमकं तिथंच काही जणांचं डोकं दुखतंय.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्युंदाईने क्रेटा आणि व्हर्ना मिळून ७,६९८ गाड्या आणि कियाने सेल्टोसच्या ४,३५८ गाड्या परत बोलावल्या. या सगळ्या २०२३ मध्ये बनलेल्या पेट्रोल सीव्हीटी गाड्या. दोष गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक ऑइल पंपाच्या कंट्रोलरमध्ये होता. दोन्ही कंपन्या एकाच ग्रुपच्या, त्यामुळे दोष सारखाच निघाला. हा मामला सोपा होता, कारण कंपनीनेच दोष मान्य केला.

अवघड आहे ते डीसीटीचं. यात दोन क्लच असतात, एक एकी गिअरसाठी आणि दुसरा बेकीसाठी. मोकळ्या रस्त्यावर गाडी मस्त पळते. पण ड्राय क्लच असेल तर तो तेलात नसतो, हवेनेच थंड होतो. मुंब्र्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी फूट-फूट सरकते, घाटात ट्रकच्या मागे रांगते, तेव्हा क्लच अर्धवट लागलेलाच राहतो आणि तापतो. मग झटके, थरथर, डॅशबोर्डवर गरम झाल्याची वॉर्निंग. सर्व्हिस सेंटरवाले गाडी रिकाम्या रस्त्यावर फिरवून आणतात आणि सांगतात, "साहेब, सगळं ओके आहे, तुमची चालवायची पद्धत बदला."

हे उत्तर जगात नवं नाही. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या गाड्यांच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सबद्दल अशाच तक्रारी होत्या. कंपनीला दोषाची माहिती असूनही काही ग्राहकांना त्यांच्याच ड्रायव्हिंगचा दोष सांगितला गेला. तिथल्या ग्राहक आयोगाने कोर्टात खेचलं आणि २०१८ मध्ये फोर्डला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. तिथे विकलेल्या अशा सुमारे ७० हजार गाड्यांपैकी जवळपास निम्म्या गिअरबॉक्ससाठी किमान एकदा दुरुस्तीला गेल्या होत्या. ऑटोमॅटिक इकोस्पोर्ट आपल्याकडेही विकली गेली, हे लक्षात घ्या.

चालवण्याचा काहीच परिणाम होत नाही, असं मी म्हणत नाही. चढावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर क्लच तापणारच. पण भारतातल्या ट्रॅफिकसाठी म्हणून विकलेली गाडी भारतातल्या ट्रॅफिकमध्ये चालत नसेल, तर चूक कोणाची?

कायदा आपल्याकडेही आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. १ एप्रिल २०२१ पासून नियमही लागू आहेत, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. मात्र त्यासाठी तक्रारींचा ठराविक आकडा नोंदवला जायला हवा. आपण तक्रार करतो ती सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरकडे तोंडी, नाहीतर फॅमिली ग्रुपवर. सरकारच्या वाहन पोर्टलवर किती जण जातात?

ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत. १० ते २० लाखांच्या गाडीला फी फक्त ४०० रुपये. पण नवी गाडी मिळेल ही आशा कमीच ठेवा. २००६ मध्ये मारुतीच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की वॉरंटीत खराब पार्ट बदलून मिळतो, पूर्ण गाडी नाही.

म्हणून सगळं घोडं अडतं ते जॉब कार्डवर. "गाडी झटके देते" एवढंच लिहू देऊ नका. कोणत्या गिअरला, किती वेळ ट्रॅफिकमध्ये चालल्यावर, किती किलोमीटरला, हे लिहून घ्या. वॉर्निंगचा व्हिडिओ काढा, ईमेल करा, आणि हे सगळं वॉरंटी संपायच्या आत. आमच्या ओळखीत एकाच्या गाडीला चार चकरा झाल्या, पण कागदावर नोंद एकच, "जनरल चेकअप". आता वॉरंटी संपली आणि हातात पुरावा काही नाही.

सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांनी एक काम आधी करावं. चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल बाकी आहे का ते बघावं. कंपनीचं पत्र किंवा फोन बहुतेक वेळा पहिल्या मालकाकडेच जातो.